बौद्ध व्हायचंय, पण आईला कसं सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे, पुण्यात नोकरी करणारे ३६ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात. (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.) वडील तीन वर्षांपूर्वी गेले, हे एकुलते एक. त्या दुःखात कुणीतरी सुचवलं म्हणून इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, मग बुद्धांविषयी वाचत गेले. ऑफिसातल्या एका बौद्ध सहकाऱ्याबरोबर काही रविवार विहारात जाऊन आले. आता दीक्षा घ्यावीशी वाटते. पण विहारात एका वयस्कर गृहस्थांनी आडनाव विचारलं आणि सांगितल्यावर दोन क्षण सगळे गप्प झाले, ते मनाला लागलं. गावी चुलतभाऊ म्हणाला, ‘आता काय त्यांच्यात जाणार का तू?’ आईला वडिलांचं श्राद्ध मुलाच्या हातूनच व्हायला हवं. बायकोला वाटतं, हे एक दिवस घरदार सोडतील. शिवाय सहा वर्षांच्या मुलीच्या दाखल्यावर काय लिहायचं, हाही तिचा प्रश्न आहे. गृहस्थ विचारतात: ‘बौद्ध होण्यासाठी नेमकं काय करावं लागतं? बावीस प्रतिज्ञा घेतल्याच पाहिजेत का? मला धम्म हवा आहे, राजकारण नको. जात मी मानत नाही. आईला न दुखवता हे होईल का?’

स्नेही,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि एकाच शब्दाखाली रेघा मारत गेले. ‘त्यांच्या.’ त्यांच्या विहारात, त्यांच्या वस्तीत, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या प्रतिज्ञा. मोजून नऊ वेळा. चुलतभाऊ ‘त्यांच्यात’ म्हणाला याचा तुम्हाला राग आला, आणि यायलाच हवा होता. पण तोच शब्द तुमच्याही लेखणीतून उतरलाय आणि तुमच्या ते लक्षातही आलेलं नाही. बोल लावायला म्हणून हे सांगत नाही. हा शब्द आपल्या सगळ्यांना दुधाबरोबर पाजलेला असतो. पण त्याच्याकडे परत यावं लागेल, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आधी सोपा प्रश्न घेऊ. बौद्ध होण्यासाठी काय लागतं?

हा प्रश्न बुद्धांना त्यांच्याच शाक्य कुळातल्या महानामाने विचारला होता: उपासक कशाने होतो? उत्तर अगदी छोटं आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेला की माणूस उपासक होतो. मग तो विचारतो, शीलवान उपासक कोण? पाच शीलं पाळणारा. झालं. यात फी नाही, परीक्षा नाही, कुणाची शिफारस नाही. आईवडिलांची संमती लागते ती भिक्खू व्हायला, उपासक व्हायला नाही.

प्रत्यक्ष विधीही तसाच साधा. बुद्धमूर्ती आणि आपल्याकडे शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, फुलं, अगरबत्ती. पांढरे कपडे. भन्ते (म्हणजे भिक्खू) किंवा बौद्धाचार्य (विधी करणारा गृहस्थ उपासक) पुढे म्हणतात, आपण मागून म्हणायचं. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ पासून तीन ओळी, म्हणजे त्रिशरण, मग ‘दुतियम्पि’ म्हणत दुसऱ्यांदा, मग ‘ततियम्पि’ म्हणत तिसऱ्यांदा. मग पंचशील. मग, महाराष्ट्रात, बावीस प्रतिज्ञा. अर्ध्या तासात उरकतं. माझ्या ओळखीच्या एकांनी सगळं झाल्यावर गोंधळून विचारलं होतं, ‘एवढंच?’ त्यांना वाटलं होतं काहीतरी होईल.

पंचशीलातला एक शब्द मात्र नीट ऐका, कारण आपण तो गाण्याच्या चालीत म्हणून मोकळे होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ येतं. हत्येपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी अंगीकारतो, चोरीपासून दूर राहण्याचं अंगीकारतो, आणि असं पुढे. ते शिक्षापद आहे, म्हणजे शिकायची गोष्ट. वरून कुणी हुकूम दिलेला नाही आणि मोडलं तर शिक्षा द्यायला कुणी बसलेला नाही. पण म्हणून ते सैलही नाही. तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय की शुक्रवारी टीमबरोबर दोन पेग होतात. पाचवं शील नेमकं त्यावरच आहे, आणि बाबासाहेबांच्या प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही असं पुन्हा वेगळं, स्पष्ट सांगितलंय. जन्माने बौद्ध असलेल्या कित्येक घरांत हेच सगळ्यात आधी मोडतं, हे मी लपवणार नाही. आमच्या नात्यातली लग्नं मी पाहिली आहेत. पण दुसरे मोडतात ही तुम्हाला सूट नव्हे. दीक्षेचं पुढचं पुढे बघू. येत्या शुक्रवारी ग्लासात लिंबूपाणी घ्या आणि टीममधल्या लोकांना कारण सांगता येतं का ते पाहा. मटणाचं विचारलंत, तर भिक्खूंसाठीसुद्धा नियम एवढाच होता की आपल्यासाठी मारलेलं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका असलेलं मांस घ्यायचं नाही. बाबासाहेबांनी अहिंसेला तत्त्व मानलं, नियम नाही. ताटाचं तुम्ही ठरवा.

आता बावीस प्रतिज्ञा.

श्रीलंकेतल्या किंवा थायलंडमधल्या उपासकाला या माहीतही नसतात, आणि तो बौद्धच असतो. विपश्यनेच्या केंद्रांवर तर धर्म बदलायला कुणी सांगतही नाही, कुठल्याही धर्माचा माणूस तिथे बसतो. तेव्हा ‘घेतल्याच पाहिजेत का’ याचं पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुम्ही महाराष्ट्रात आहात. इथे १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला नागपुरात काय घडलं ते बाजूला ठेवून बौद्ध होता येत नाही. त्या दिवशी कुशिनाराचे वयोवृद्ध भदन्त चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. आणि मग समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली ती बाबासाहेबांनी स्वतः. एका गृहस्थाने लाखोंना दीक्षा द्यायची, ही गोष्टच नवी होती. त्रिशरण-पंचशीलापुढे त्यांनी या प्रतिज्ञा जोडल्या, कारण त्यांना इतिहास माहीत होता. या देशात बुद्धाला हाकलून लावण्यापेक्षा विष्णूचा नववा अवतार करून देव्हाऱ्यात बसवणं सोपं गेलं होतं. जुन्या घराचं दार उघडं ठेवून नव्या घरात राहायला गेलं, तर माणूस जेवायला जुन्याच घरी जातो.

तुम्ही लिहिता, धम्म हवा, राजकारण नको. तुमच्या मनात नेमक्या कुठल्या प्रतिज्ञा ‘राजकारण’ आहेत? मी यादी पुन्हा वाचली. अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता, म्हणजे जोपासायचे सद्गुण, आहेत, प्राणिमात्रांवर दया आहे, चोरी-व्यभिचार-खोटं-दारू नको असं आहे. यात राजकारण नाही. देवदेवतांना नकार आहे. तो तुम्हाला टोचत असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न आहे, तोही राजकारण नव्हे. उरतात त्या सगळी माणसं समान मानण्याच्या आणि समतेसाठी झटण्याच्या प्रतिज्ञा. मला शंका येते की आपल्याकडे ‘राजकारण’ म्हणतात ते बरेचदा यालाच. शांतता चालते, ध्यान चालतं, करुणा तर फारच चालते. समता आली की सभा सुरू झाल्यासारखं वाटतं. बाबासाहेबांनी बुद्धांच्या गृहत्यागाची म्हातारा, रोगी, प्रेत दिसल्याची गोष्टही स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नसेल, हे त्यांना पटत नव्हतं. शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध, हे कारण त्यांनी पुढे ठेवलं. म्हणजे त्यांचा बुद्ध पहिलं पाऊल टाकतो तेच पाणीवाटपाच्या वादातून. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याचं भांडण मी समजावून सांगायला नको.

‘जात मी मानत नाही’ या वाक्याबद्दलही असंच. तुमच्या हेतूवर माझा विश्वास आहे. पण न मानणं हे ज्याला जातीने कधी अडवलं नाही त्याला फुकटात जमतं. मानत नाही म्हणजे काय काय करत नाही, ते लिहून काढा. गावात स्मशानभूमी एक आहे का, तुम्ही कधी विचारलंत? पुण्यातला फ्लॅट भाड्याने देताना दलाल आडनाव विचारतो तेव्हा तुम्ही काय म्हणता? तो ऑफिसातला मित्र तुमच्या गावच्या घरी, आईच्या स्वयंपाकघरात जेवलाय का? वीस वर्षांनी मुलीने त्याच्यासारख्या घरातला मुलगा आणला तर? उत्तरं मला पाठवू नका.

आणि विहारातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं. तुम्हाला वाटलं, जिथे जात सोडायला गेलो तिथेच आडनाव विचारलं. लागणारच. पण जरा त्यांच्या बाजूला बसून पाहा. त्यांना स्वतःला आडनाव आयुष्यभर विचारलं गेलं असणार, खोली मागताना, नोकरीत, गावातल्या हॉटेलात, आणि उत्तरानंतरची ती दोन क्षणांची शांतता त्यांनी कितीदा ऐकली असेल! तुम्ही ती एकदा ऐकली. शिवाय त्यांनी अशी माणसंही पाहिली असतील, वरच्या जातीतून कौतुकाने येणारी, सहा महिन्यांत स्टेजवर बसणारी, वर्षात सगळ्यांना खरा बुद्ध समजावून सांगणारी आणि दोन वर्षांत गायब होणारी. तुम्ही त्यांतले नाही हे त्यांना रविवारच्या चार वंदनांत कसं कळावं? राग धरू नका, पुढच्या वेळी त्यांच्याच शेजारी बसा. आणि कुणी तुम्हाला ‘आमच्यातले नसूनही आले’ म्हणून हार घालायला पुढे बोलावलं, तर जाऊ नका. पहिलं वर्ष तरी नाही.

आता आई. इथे मला घाईने काही बोलायचं नाही.

प्रतिज्ञेत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही असं आहे, आणि ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म करून घेणार नाही असंही. त्यात पळवाट नाही. तुम्ही विचारता, दीक्षा घेऊन आईसाठी गुपचूप वर्षाला एकदा श्राद्ध केलं तर? नका करू. दीक्षाही खोटी होईल आणि श्राद्धही. त्यापेक्षा प्रतिज्ञा दोन वर्षं पुढे ढकला. त्रिशरण-पंचशील घरी म्हणा, शीलं पाळा, विहारात जा. त्याला कुणाची हरकत नाही, आणि ते कमी दर्जाचं काही नाही.

पण प्रतिज्ञांची वाक्यरचना तुम्ही पाहिलीत का? बाविसांपैकी प्रत्येकीत ‘मी’ आहे नाहीतर ‘माझा’. मी मानणार नाही, मी करणार नाही, माझा विश्वास नाही. ‘मी आईला करू देणार नाही’ असं एकही वाक्य नाही. तिला वडिलांच्या तिथीला कावळ्याला घास ठेवायचा असेल तर तो तिने ठेवावा, आणि तुम्ही तिच्याजवळ बसावं. बसणं आणि करणं वेगळं. काही आंबेडकरी मित्र मला यावरून फटकारतील, त्यांचा मुद्दाही मला कळतो: बसता बसता माणूस करायला लागतो. तुमचं मन तुम्हाला ठाऊक.

मुळात आई काय मागतेय? माझा अंदाज असा आहे की विधी तिला दुय्यम आहे. नवरा गेला, आता मुलगा त्याला विसरेल, ही तिची भीती आहे. तेव्हा तिच्याकडे नकार घेऊन जाऊ नका, काहीतरी घेऊन जा. बौद्ध घरांत गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदन करतात. भन्ते किंवा बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, सुत्तं म्हणतात, आठवणी सांगतात, जेवण असतं, आणि दान देतात. वडील शाळेच्या कामात होते असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांच्या तिथीला त्यांच्याच शाळेला पुस्तकं द्या आणि ती आईच्या हातून द्या. एक वर्ष दोन्ही होऊ द्या, तुमचं दीक्षेआधीचं शेवटचं श्राद्ध आणि हे. तिला तुलना करू द्या. ती कदाचित तरीही रडेल. आईला अजिबात न दुखवता हे होईल का, याचं प्रामाणिक उत्तर ‘बहुधा नाही’ असं आहे. पण तिला फसवल्याशिवाय आणि तुच्छ लेखल्याशिवाय नक्की होईल.

यावर बुद्धांच्या काळातली एक हकिकत आहे. नालंदेचा उपाली नावाचा श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैन साधूंचा, उपासक होता. बुद्धांना वादात हरवायला म्हणून गेला आणि स्वतःच पटून गेला. म्हणाला, मला उपासक करून घ्या. एखादा प्रचारक असता तर मिरवणूक काढली असती. बुद्ध म्हणाले, गृहपती, नीट विचार कर. तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने विचार करूनच काय ते करावं. तो आणखी भारावला. तेव्हा बुद्धांनी सांगितलं, तुझं घर इतकी वर्षं निगंठांसाठी पाणवठ्यासारखं आहे, ते दारात आले की त्यांना भिक्षा देणं बंद करू नकोस.

माझ्या आजीची गोष्ट सांगते, आमच्या घरात ती हसत सांगितली जाते. छप्पन्न साली ती पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली होती. परत आल्यावर घरातले सगळे देव आजोबांनी टोपलीत घालून नदीत सोडले. सगळे म्हणजे आजोबांना वाटलं सगळे. एक देवीचा पितळी टाक आजीने ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवला होता. पोरं लहान होती, देवी कोपली तर काय घ्या. पुढे वीसेक वर्षांनी, पोरं शिकून नोकरीला लागल्यावर, एक दिवस तिने तो स्वतःच बाहेर काढला, मोडीत घातला, वर थोडे पैसे टाकून तांब्या आणला. त्या तांब्यातून मी पाणी प्यालेय. दीक्षा तिने १४ ऑक्टोबरलाच घेतली होती, तिला विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं. मी तिच्यावर हसत नाही. पण तुम्हाला मुभा आहे जी तिला नव्हती: कणगीत काय लपवून ठेवलंय ते तुम्ही आधीच तपासू शकता.

म्हणून एक करा. प्रतिज्ञा कागदावर स्वतःच्या हाताने उतरवा आणि घरात कुणी नसताना मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करा. गौरी-गणपतीपाशी अडखळेल, श्राद्धापाशी अडखळेल, कदाचित तुम्हाला अपेक्षा नसलेल्या ठिकाणीही. महिन्याने पुन्हा वाचा. खुणा त्याच जागी आहेत का बघा. (गणपतीत गावी जावं का? जावं की. आरतीला ताट हातात घेऊ नका, पण घरची माणसं भेटतात, पुरणपोळ्या असतात. पुरणपोळी खाल्ल्याने दीक्षा मोडते असं मला वाटत नाही.)

बायकोची भीती वेगळी आहे आणि तुम्ही ती पत्रात एका ओळीत उडवलीत. तिने पाहिलंय काय? नवरा दहा दिवस मौनात गेला, परत आला तो पहाटे उठून डोळे मिटून बसू लागला, आता धर्म बदलायचं म्हणतोय. तिला सिद्धार्थाचा गृहत्याग माहीत आहे, यशोधराही माहीत आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचीच गोष्ट घ्या. नारळाच्या बागेत राबणाऱ्या या तरुणाने ‘बालबोध’ मासिकात बुद्धांविषयी वाचलं, आणि १८९९ च्या अखेरीस बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तो घराबाहेर पडला, तो थेट श्रीलंकेपर्यंत. मराठीत बुद्ध आणला त्यांनी, त्यांचं ऋण मोठं आहे. पण मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने ही गोष्ट वाचली की ती वेगळी दिसते. तुमच्या बायकोला तुम्ही तोंडाने सांगायला हवं की उपासक हा गृहस्थच असतो. बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात नवऱ्याची बायकोबद्दलची पाच कर्तव्यं सांगितली आहेत: तिचा मान ठेवणं, तिला तुच्छ न लेखणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं, आणि पाचवं म्हणजे तिला दागिने देणं. शेवटचं तिला नक्की वाचून दाखवा.

तिला दीक्षेसाठी ओढू नका, आणि मुलीलाही नाही. मुलगी विहारात आली तर येऊ दे, आजीबरोबर देवळात गेली तर जाऊ दे. दाखल्यावर आज जे आहे ते राहू द्या. पुढे ती स्वतः विचारेल.

कागदपत्रांचं एकदाच सांगते, कारण अशीच विचारणा आणखी पत्रांतून आली आहे. दीक्षा घेणं आणि कागदोपत्री धर्म बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरी लागत नाही. काही संस्था, उदाहरणार्थ बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा, दीक्षेचं प्रमाणपत्र देतात. सरकारी नोंद बदलायची असेल तर राज्याच्या राजपत्रात धर्मबदल प्रसिद्ध करून घेण्याची पद्धत आहे. पण धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारा. लग्न आणि जमीन यांचं काय होईल, ही तुमच्या चुलतभावाने घातलेली भीती मात्र काढून टाका. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहेत. (अनेक बौद्धांना नेमकं हेच खटकतं, स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी त्यातूनच आली आहे.) आणि कुणी म्हणालं की सवलतींसाठी चाललास, तर शांतपणे सांगा: १९९० पासून अनुसूचित जातींचे लाभ बौद्धांना मिळतात ते अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना. तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. मिळाली तर दोन-चार टोमण्यांची भर.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. त्यांतल्या बहुतेकांची आजी-आजोबा-पणजी माझ्या आजीसारखीच कधीतरी पांढरं लुगडं, पांढरं धोतर नेसून उभी राहिली होती. म्हणून जन्माने बौद्ध असलेल्या वाचकांनाही सांगते, तुमचीही पत्रं येतात, ‘आम्ही स्वतः कधी दीक्षा घेतलीच नाही, मग आम्ही कोण?’ कागद-पेनाचं ते काम तुम्हीही करून पाहा. जीभ आमचीही अडखळते.

तुमच्यासाठी माझं मत असं: यंदा दीक्षा नको. वाईट वाटून घेऊ नका. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, असतो, त्या तीन महिन्यांत बहुतेक विहारांमध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. रोज जमणार नाही, जमेल तेवढं जा. तो ग्रंथ तुम्ही घरी एकट्याने वाचला असेलच. दिवसभर कामावरून दमून आलेल्या बायका-माणसांबरोबर सतरंजीवर बसून ऐकणं वेगळं आहे, तिथे प्रश्न वेगळे निघतात. पोट रिकामं असताना दुःखावरचं आर्यसत्य कसं ऐकू येतं, ते इगतपुरीला कळत नाही, तिथे वेळेवर जेवण मिळतं. विपश्यना सोडू नका, ती तुम्हाला मानवली आहे. फक्त ती म्हणजेच सगळा धम्म असं समजू नका. संघ हे तिसरं शरण आहे, आणि तुमच्यासाठी तेच सगळ्यात अवघड असणार आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

वर्षभराने कागदावरच्या खुणा पुसल्या गेल्या असतील, तर त्या मित्राला सांगा. तोच भन्तेंशी बोलेल. नागपूरला जायलाच हवं असं नाही. तुमच्या त्या छोट्या विहारात, पत्र्याच्या छताखालीही दीक्षा होते. आईला आधी सांगा, नंतर नको. चुलतभावाला काय, आपोआप कळेल.

ता. क. विहारात जाताना बरोबर काय न्यायचं, असं शेवटी विचारलंत. मेणबत्ती आणि फुलं पुरेत. वंदना साडेनऊला असेल तर नऊला जा. सतरंज्या तेव्हा घालतात आणि हात कमी पडतात.